नावांच्या वहीतील तिसरा रकाना

स्कॉटलंडच्या वायव्य कोपऱ्यात, सदरलंड परगण्यात, असिंट नावाचा एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व्यवस्थेखाली येणाऱ्या वाड्यावस्त्यांचा समूह. आपल्याकडील जुन्या ‘तर्फे’शी मिळतीजुळती अशी ही विभागणी. इन्व्हर्नेस शहरातून निघालेला रस्ता उलापूल बंदर मागे टाकून उत्तरेस वळतो, नॉकन, एल्फिन, लेडमोर ही छोटी ठिकाणे ओलांडतो आणि असिंट सरोवराच्या काठाकाठाने लॉखइन्व्हर या मासेमारी बंदरापर्यंत पोहोचतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. जून महिन्यात येथे रात्र जवळजवळ होतच नाही. मध्यरात्रीही उत्तरेच्या क्षितिजावर फिकट उजेड रेंगाळत असतो.

या रस्त्यावर प्रथम जाणवते ती निर्जनता. पायाखालचा करडा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर लाल वालुकाश्माचे डोंगर एकेकटे उभे आहेत आणि मधल्या खळग्यांत शेकडो लहानमोठी सरोवरे साठली आहेत. एवढ्या विस्तीर्ण पॅरिशची आजची लोकवस्ती सुमारे एक हजार. परंतु मोठ्या प्रमाणावर काढलेला नकाशा उघडावा, तर कागदावर नावांची दाटी! टेकडी, ओढा, खिंड, डबके, कपार, एखादा सुटा धोंडा, प्रत्येकाला नाव. जेथे मैल मैल दिवा दिसत नाही, त्या दरीतही नावे आहेत. आपल्या महसुली दप्तरात वस्ती उठलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणण्याची रीत आहे. दिवा विझतो, पण मौजे म्हणून गावाची नोंद चालू राहते. असिंटचा अंतर्भाग हा अशा बेचिराग मौजांचा प्रदेश आहे. तेथील नावे आणि पडक्या वास्तू टिपून ठेवण्याचे काम गेली अडीचशे वर्षे निरनिराळ्या हातांनी होत आले. ते काम कोणाला विचारून झाले, या प्रश्नात या भूमीचा इतिहास दडलेला आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात वस्तूचा व्यवहार चार प्रकारांनी होतो असे सांगितले आहे: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. केवळ ओळखीसाठी दिलेले ते नाम; चित्रात वा मूर्तीत ‘ही तीच’ अशी मानलेली ती स्थापना; पूर्वीच्या किंवा पुढे येणाऱ्या अवस्थेवरून संबोधणे ते द्रव्य; आणि वर्तमानात प्रत्यक्ष असलेली अवस्था तो भाव. असिंट पाहताना हे चार निक्षेप मनाशी ठेवले, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. गावाचे नाव शिल्लक आहे, नकाशावर त्याची स्थापना आहे, आणि माळावरच्या पडक्या भिंतींना आजही लोक ‘घर’ म्हणतात ते द्रव्यरूपाने. चौथ्या निक्षेपाचे काय झाले, हे पाहणे महत्त्वाचे.

नावांचे थर

असिंटच्या नावांत भाषांचे थर आहेत. सर्वांत वरचा इंग्रजी थर अगदी पातळ. त्याखाली गेलिक भाषेचा जाड थर. आणि त्यातच मिसळलेला, सुमारे हजार वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेचा. ७३१ मीटर उंचीचा सुलव्हन डोंगर हे त्याचे उत्तम उदाहरण. नॉर्स भाषेतील ‘सुला’ म्हणजे खांब आणि गेलिक भाषेतील ‘बेन’ म्हणजे डोंगर. समुद्रावरून येणाऱ्या नाविकाला हा डोंगर खरोखरच एखाद्या खांबासारखा दिसतो. म्हणजे हे नाव ठेवणारा माणूस नावेत बसलेला होता! याउलट कुन्याग डोंगराचे नाव गोठ्यातून आलेले: ‘कुन्याग’ म्हणजे दूध काढण्याची चरवी. एकाच प्रदेशातील दोन डोंगर. एकाला नाव खलाशाने दिले, दुसऱ्याला गवळणीने.

उलापूल या नावातील ‘पूल’ म्हणजे आपला पूल नव्हे आणि इंग्रजीतील पाण्याचा डोहही नव्हे. शेतवाडी या अर्थाच्या एका नॉर्स शब्दाचे ते झिजलेले रूप आहे. असिंटमधील उनापूलच्या शेवटीही तेच रूप दिसते. अखमेलविख या शुभ्र वाळूच्या किनाऱ्याच्या नावात गेलिक ‘अखग’ म्हणजे शेत आणि नॉर्स ‘वीक’ म्हणजे उपसागर एकत्र नांदतात. इंचनाडॅम्फ म्हणजे काळविटांसारख्या मोठ्या शिंगांच्या हरणांचे कुरण. ड्रमबेग म्हणजे लहानशी डोंगरधार, क्लॅशनेसी म्हणजे धबधब्याची घळ, कायलेस्कू म्हणजे अरुंद खाडी. नेड या चिमुकल्या वस्तीच्या नावाचा अर्थ आहे घरटे, आणि खाडीच्या कुशीत वाऱ्यापासून लपलेली ती वस्ती पाहिली की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते.

ही नावे शोभेची नव्हेत. ज्या नावात ‘आरी’ शब्द येतो, तेथे उन्हाळी चराईचे ठिकाण होते. मे महिन्यानंतर बायका व मुले गुरे घेऊन त्या उंचावरच्या कुरणात जात, दगडमातीच्या झोपड्यांत राहत आणि लोणी व चीज करून शरदापूर्वी परतत. ज्या ओढ्याच्या नावात ‘मुलेन’ येते, तेथे पाणचक्की होती. काळा, पिवळा, तपकिरी, ठिपकेदार अशी रंगवाचक विशेषणे गवत कोठे चांगले आणि दलदल कोठे फसवी, हे सांगत. लिहिता न येणाऱ्या समाजाने आपले सारे भूमिज्ञान नावांत साठवले होते. नाव विसरले की रस्ता चुकत असे, आणि या प्रदेशात धुके पडल्यावर रस्ता चुकणे म्हणजे प्राणाशी गाठ.

दगड काय सांगतात

वास्तूंचीही अशीच भाषा आहे. प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरतो तो असिंट सरोवरात शिरलेल्या भूशिरावरचा आर्डव्हरेक किल्ला. असिंटच्या मॅक्लाउड घराण्याचे हे ठाणे. एप्रिल १६५० मध्ये कार्बिसडेलच्या लढाईत पराभूत झालेला राजनिष्ठ सेनापती माँट्रोझ पळून या भागात आला, येथे कैद झाला आणि पुढच्याच महिन्यात एडिंबरामध्ये फासावर गेला. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर काल्डा हाउसचे भग्नावशेष आहेत. मॅकेंझी घराण्याने १७२६ च्या सुमारास बांधलेला हा वाडा १७३७ मध्ये जळाला. स्टोअर येथे प्रसिद्ध अभियंता थॉमस टेलफर्ड यांच्या आराखड्यानुसार १८२० च्या दशकात बांधलेल्या चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. क्लाखटोलच्या समुद्रकाठी तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोसळलेला गोल दगडी बुरूज आहे. २०१७ साली तेथे स्थानिक इतिहासमंडळाच्या पुढाकाराने उत्खनन झाले.

ही झाली नावाजलेली ठिकाणे. नोंद करणाऱ्याची खरी परीक्षा होते ती अनाम अवशेषांपाशी. तपकिरी माळावर मध्येच हिरवेगार गवत दिसले की तेथे थांबावे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखताने ती जमीन अजून हिरवी आहे. तिरप्या उन्हात त्या हिरवळीवर समांतर वरंबे उठून दिसतात. पायनांगराने हाताने घातलेल्या वाफ्यांच्या त्या खुणा. शेजारी गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींचा लांबट चौकोन असतो. ते घर. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला गुरे आणि वर एकच छप्पर. जमिनीत वाडग्यासारखा दगडी खळगा दिसला तर ती धान्य सुकवण्याची भट्टी. कारण येथील ओलसर हवेत ओट आणि सातूचे धान्य आच दिल्याशिवाय दळता येत नसे. छपराच्या तुळया मात्र कोठेच सापडत नाहीत. लाकूड दुर्मीळ होते; हलता आले तर माणसे तुळया बरोबर नेत.

आणि या पडक्या घरांच्या मध्यभागी पुष्कळदा एक भक्कम, नीट उभा राहिलेला दगडी वाडगा दिसतो. तो मेंढ्यांचा. त्याच्या भिंतीत निरखून पाहिले तर घराच्या कोपऱ्याचे घडीव दगड ओळखू येतात. घरे मोडून कोंडवाडा बांधला गेला, हा सारा इतिहास त्या एका भिंतीत वाचता येतो.

१७५७ साली असिंट सदरलंडच्या जमीनदार घराण्याकडे गेले. त्यांच्यासाठी जॉन होम या भूमापकाने १७७४ मध्ये गावोगाव फिरून प्रत्येक शेतवाडीची मोजणी केली. लागवडीची जमीन, उन्हाळी कुरणे, दलदल, सारे त्यात आहे. पुढे १९६० मध्ये स्कॉटिश हिस्टरी सोसायटीने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हाचे असिंट नांदते होते. १८१२ नंतरच्या दशकात मात्र अंतर्भागातील गावे एकामागून एक उठवली गेली. शेतकऱ्यांच्या तुटपुंज्या खंडापेक्षा मेंढपाळीचे मोठे मक्ते जमीनदारीला किफायतशीर होते. हिशेबाच्या वहीत ही बाब उत्पन्नवाढ म्हणून चढली. माणसे समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर ढकलली गेली. पुष्कळजण जहाजाने अमेरिकेकडे गेले. होम यांच्या वहीतील अनेक नावे त्या क्षणी बेचिराग झाली.

पाच रकाने

यानंतर साधारण दोन पिढ्यांनी, १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ब्रिटिश सरकारच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशाखात्याची माणसे सदरलंडमध्ये आली. त्यांच्याजवळ ‘नावांच्या वह्या’ होत्या. प्रत्येक पानावर पाच रकाने: पहिला, नकाशावर लिहावयाचे नाव, दुसरा, त्या नावाची निरनिराळी लेखने, तिसरा, त्या लेखनास आधार कोणाचा, चौथा, ठिकाण, पाचवा, वर्णन. शिस्त वाखाणण्याजोगी होती. नाव कोणी सांगितले हे लिहिल्याशिवाय नाव मान्य होत नसे. इंग्लंडमधील पुष्कळशा वह्या दुसऱ्या महायुद्धात साउथॅम्प्टनवर झालेल्या बाँबवर्षावात नष्ट झाल्या. स्कॉटलंडच्या मात्र वाचल्या आणि अलीकडे स्वयंसेवकांनी त्यांच्या पानांच्या नकला करून त्या सर्वांना वाचता येतील अशा केल्या. ‘पडकी घरे’, ‘मेंढ्यांचा वाडगा’ अशा छोट्या नोंदींतून अभ्यासकांना उठलेल्या गावांचा माग लागतो. या वह्या नसत्या तर शेकडो नावे कायमची गेली असती, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तरीही डोळा अडतो तो तिसऱ्या रकान्यावर. तेथे जमीनदाराचा कारभारी असे, धर्मोपदेशक असे, शाळामास्तर असे, मोठा मक्तेदार असे. मेंढपाळीचा मक्तेदार पुष्कळदा दक्षिणेतून आलेला आणि गेलिक न जाणणारा. या खात्याच्या पुढील काळातील लेखी सूचनांत तर लहान शेतकरी व झोपडीवासी हे आपण राहतो त्या ठिकाणाच्या नावाबाबतही, विशेषतः त्याच्या लेखनाबाबत, विश्वसनीय मानू नयेत, असे स्पष्ट बजावले होते. म्हणजे नाव ज्यांच्या तोंडात शतकानुशतके खेळले, त्यांची साक्ष कच्ची आणि कागदावर सही करू शकणाऱ्याची पक्की! परिणामी काही नावे ऐकीव उच्चारावरून इंग्रजी वळणाने लिहिली गेली आणि त्यांचा अर्थ बंद पडला. ‘घरटे’ हा अर्थ गेलिक जाणणाऱ्यालाच कळतो. नकाशा वाचणाऱ्याला ‘नेड’ ही केवळ दोन अक्षरे. निक्षेपाच्या भाषेत सांगायचे तर नाम उरले, पण त्यामागील भाव निसटला.

काचेवरची अक्षरे

ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांनी आपले नाव कोठे लिहावे? याचे एक हृदयद्रावक उत्तर असिंटच्या आग्नेयेस, रॉस परगण्यातील क्रॉइक येथे पाहावयास मिळते. तेथील लहानसे चर्चही टेलफर्ड यांच्याच आराखड्याचे, १८२७ सालचे. मे १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकाल्व्ही दरीतील अठरा कुटुंबांना उठवण्यात आले. त्यांतील ऐंशीच्या आसपास माणसांनी, मुलाबाळांसह, चर्चच्या आवारात थडग्यांमध्ये कापडी आडोसा करून आश्रय घेतला. लंडनच्या वृत्तपत्राचा प्रतिनिधी तेथे आला म्हणून त्यांची हकिकत जगाला कळली. परंतु त्या माणसांनी स्वतःही एक नोंद केली. पूर्वेकडील खिडकीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर, बाहेरून, त्यांनी अक्षरे कोरली: आपण ग्लेनकाल्व्हीचे लोक येथे होतो, आणि त्यासोबत मे १८४५ ची तारीख. एका ठिकाणी त्यांनी स्वतःलाच पापी पिढी म्हटले आहे.

कर्मसिद्धांतावर वाढलेल्या वाचकाला हे शब्द अनोळखी वाटणार नाहीत. दुःख आले म्हणजे आपलेच काही चुकले असेल, असे त्या भाबड्या माणसांना वाटले. ज्यांनी त्यांना घालवले त्यांच्याविषयी त्या काचांवर शिवीगाळ नाही. परंतु आपले कर्म आपण भोगावे ही समजूत वेगळी आणि दुसऱ्याच्या अन्यायावर पांघरूण घालणे वेगळे. त्या काचा आजही जागेवर आहेत. बोली गेलिक, अक्षरे बव्हंशी इंग्रजी. पण गावाचे नाव सांगणारा आणि लिहिणारा तेथे एकच आहे. तिसऱ्या रकान्याची गरजच उरली नाही.

मिंचपलीकडचा सर्वेक्षक

पुन्हा असिंटच्या किनाऱ्यावर यावे. स्टोअरच्या टोकावरून स्वच्छ दिवशी पश्चिमेस, मिंच नावाच्या समुद्रापलीकडे, लुईस बेटाची रेघ दिसते. त्या बेटावरील स्टॉर्नोवे या गावी कॉलिन मॅकेंझी यांचा जन्म झाला. पुढे १८१५ मध्ये ते भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल झाले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूर राज्याचे जे मोठे सर्वेक्षण झाले, ते त्यांनी केले. ते कंपनी सरकारच्या राज्यविस्ताराचेच काम होते, हे विसरता येत नाही. मात्र गावे मोजता मोजता त्यांनी शिलालेख, ताडपत्रे, स्थलपुराणे यांचा प्रचंड संग्रह केला, आणि तो स्थानिक विद्वानांच्या मदतीने केला. कावली बंधूंप्रमाणेच मलेयूरचे जैन पंडित धर्मय्या हे त्यांचे साहाय्यक होते. हळेकन्नड लिपीतील जुने लेख वाचण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेत मॅकेंझी यांनी प्रसिद्ध केलेली जैनांविषयीची माहितीही येथील धर्मगुरूकडून मिळवलेली होती.

१८१६ साली थॉमस हिकी या चित्रकाराने मॅकेंझी यांचे रंगवलेले चित्र ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे. लाल गणवेशातील मॅकेंझी यांच्याभोवती त्यांचे तीन भारतीय सहकारी उभे आहेत. त्यांतील एक धर्मय्या असल्याचे मानले जाते. आणि मागे, दूरच्या टेकडीवर, कारकळचे बाहुबली! १४३२ साली उभारलेली ती मूर्ती हायलंडमधून आलेल्या माणसाच्या चित्रात पार्श्वभूमी होऊन उभी आहे. येथे माहिती घेणाऱ्याबरोबर माहिती सांगणाराही चित्रात आला. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर असिंटमध्ये आलेल्या वहीवाल्यांनी एखाद्या कोळ्याला वा गुराखिणीला तो मान क्वचितच दिला.

चौथा निक्षेप

काठावर ढकललेली माणसे मात्र टिकून राहिली. १८८६ च्या कायद्याने त्यांना आपल्या लहान शेततुकड्यांवर कायम वहिवाटीचा हक्क मिळाला. जमिनीची मालकी मात्र परक्यांकडेच फिरत राहिली. शेवटी उत्तर असिंटची जमीनदारी लिलावाला निघाली आणि तिचे सात तुकडे करून विकण्याचा घाट घातला गेला. तेव्हा तेरा वस्त्यांतील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन न्यास स्थापन केला, देशविदेशांतून वर्गणी जमवली, कर्जाची तजवीज केली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये सुमारे २१,००० एकर जमीन तीन लाख पौंडांना स्वतः विकत घेतली. उठवलेल्यांच्या वंशजांनी जमीन सामूहिक मालकीने घेतल्याचे हे गाजलेले उदाहरण पुढच्या अनेक गावांना आणि २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याला मार्गदर्शक ठरले. २००५ मध्ये दुसऱ्या एका स्थानिक न्यासाने सुलव्हन डोंगरासह शेजारची जमीनदारीही घेतली.

नोंदणीची रीतही पालटली आहे. २००६ ते २०११ या काळात संपूर्ण स्कॉटलंडमध्ये जुन्या ग्रामीण वस्त्यांची पाहणी करण्याचा जो उपक्रम चालला, त्यात गावकऱ्यांनाच फीत, फळी आणि कागद देऊन मोजणी शिकवण्यात आली. गेलिक नावांची शुद्ध रूपे निश्चित करणारी संस्था वृद्धांचे उच्चार आणि जुनी कागदपत्रे ताडून पाहते. रस्त्यांवरील अनेक फलकांवर आता दोन्ही रूपे दिसतात. गेलिक बोलणारे मूळचे असिंटकर मात्र फार थोडे उरले आहेत, आणि एखादी आजी गेली की तिच्यासोबत एखाद्या ओढ्याचे नावही जाते. म्हणून हे काम घाईचे आहे.

असिंटला जाणाऱ्याने मे-जून महिना निवडावा. लॉखइन्व्हरहून स्टोअर व ड्रमबेगकडे जाणारा रस्ता एकेरी आहे. समोरून वाहन आले की ठरवून दिलेल्या जागी थांबून वाट द्यावी. पुढे दुकाने तुरळक असल्याने शाकाहारी प्रवाशाने शिधा बरोबर ठेवावा. पडक्या भिंतींवर चढू नये, त्यांतील दगड हलवू नये. ती कोणाची तरी घरे आहेत. आणि वाटेत कोणी स्थानिक वृद्ध भेटले, तर छायाचित्र काढण्यापूर्वी त्या जागेचे नाव अवश्य विचारावे.

हीच रीत घरीही उपयोगी पडेल. आपल्या गावाकडचे शेत, विहीर, बांध, बसदीकडे जाणारी पायवाट यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात आणि सातबाऱ्यावर बहुधा केवळ गट क्रमांक असतो. एका वहीत ती नावे लिहून घ्यावीत. नाव, उच्चार, ठिकाण, वर्णन, आणि तिसरा रकाना न विसरता भरावा: हे नाव कोणी सांगितले, त्या माणसाचे नाव.